स्मरणारे लोखंड आणि शिकणारे यंत्र

पोलादाच्या सुईवरून चुंबक एकाच दिशेने दहापाच वेळा फिरवला आणि मग तो दूर नेला, तरी सुई पूर्वीसारखी राहत नाही. चुंबक गेला, पण त्याचा संस्कार मागे उरला. दोऱ्याने टांगलेली ती सुई आता दक्षिणोत्तर दिशा दाखवू लागते. निर्जीव धातूच्या ठिकाणी दिसून येणारा हा गुण म्हणजे एक प्रकारची स्मृतीच होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या विद्यापीठात अध्यापन करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी या गुणाचा बारकाईने अभ्यास केला आणि 'मागे राहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'हिस्टेरेसिस' हे नाव दिले. लोखंडाचे आजचे चुंबकत्व केवळ आजच्या बलावर ठरत नाही. काल त्याच्यावर कोणते बल येऊन गेले होते, यावरही ते ठरते, असा या शोधाचा आशय आहे.

या स्मृतीला मनुष्याने लवकरच कामाला लावले. १८९८ साली डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन यांनी पोलादी तारेवर मनुष्याचा आवाज चुंबकत्वाच्या रूपाने उमटवून दाखविला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज असा टिपून घेतला आणि तो आजही ऐकावयास मिळतो. नभोवाणीच्या केंद्रांवर पुढे ज्या ध्वनिफिती फिरू लागल्या, त्यांचा मूळपुरुष म्हणजे ही पोलादी तार. लोखंडाला स्मरण ठेवता येते, हे अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच सिद्ध झाले होते. परंतु त्याला शिकता येईल काय, ज्या कामाला मनुष्य विचार असे म्हणतो त्यात त्याला वाटा उचलता येईल काय, हा प्रश्न उभा राहण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. त्या प्रश्नाचा इतिहास गणकयंत्राच्या रचनेत घडलेल्या एका जुन्या वाटणीपासून सुरू होतो.

१८३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी एका सर्वगामी गणकयंत्राची कल्पना रेखाटली. तो काळ लँकेशरच्या कापडगिरण्यांचा होता. बॅबेज यांनी आपल्या यंत्राचे दोन भाग कल्पिले आणि त्यांची नावेही त्या गिरण्यांच्या जगातूनच उचलली. आकडे जेथे साठवावयाचे ते कोठार आणि आकड्यांवर जेथे क्रिया करावयाची ती गिरणी. कोठारातून आकडे काढावे, गिरणीत न्यावे, तेथे त्यांची बेरीज वा गुणाकार करावा आणि फळ पुन्हा कोठारात आणून ठेवावे, अशी ही व्यवस्था होती. बॅबेज यांचे यंत्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पण ही वाटणी मात्र टिकून राहिली.

एका शतकानंतर तिच्यावर आधुनिक शिक्कामोर्तब झाले. ३० जून १९४५ या तारखेचा एक अहवाल जॉन फॉन नॉयमान या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने प्रसृत झाला. 'एड्व्हॅक' नावाच्या नियोजित यंत्राचा तो पहिला आराखडा होता. अंकगणित करणारा विभाग, नियंत्रण करणारा विभाग आणि स्मृतीचा विभाग हे त्यात वेगवेगळे दाखविले होते. जगातील बहुतेक सर्व संगणक आजवर याच आराखड्याचे वंशज आहेत. नवलाची गोष्ट अशी की, या अहवालाची परिभाषा मात्र मेंदूची होती. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली एक निबंध लिहून मज्जापेशींचे जाळे तर्कशास्त्राची कोणकोणती कामे करू शकेल, हे गणिताने दाखविले होते. नॉयमान यांनी त्या निबंधाचा आधार घेतला आणि यंत्राच्या घटकांना मज्जापेशींची उपमा दिली. म्हणजे रचना बॅबेज यांच्या गिरणीची आणि भाषा मेंदूची, असा हा संगम होता.

ही वाटणी त्या काळी चुकीची होती असे म्हणता येणार नाही. निर्वात नलिका महाग होत्या, तापत होत्या आणि वारंवार जळत होत्या. गणिताचा एकच विभाग उभारावा आणि सर्व आकडे त्याच्याकडे पाळीपाळीने न्यावेत, यातच शहाणपण होते. स्मृतीसाठी निराळे, स्वस्त द्रव्य शोधणे भाग होते. आरंभी पाऱ्याच्या नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनिलहरींवर हे काम सोपविण्यात आले. पुढे लोखंडाचे दिवस आले. हार्वर्ड विद्यापीठातील आन वांग आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील जे फॉरेस्टर यांच्या प्रयत्नांतून फेराइट नावाच्या लोहयुक्त द्रव्याच्या चिमुकल्या कड्यांची स्मृती तयार झाली. १९५३ साली ती 'व्हर्लविंड' या यंत्रात बसविण्यात आली. कड्यातील चुंबकत्व एका बाजूने फिरत असेल तर शून्य, उलट बाजूने फिरत असेल तर एक, असा संकेत होता. वीज गेली तरी कडे आपले उत्तर विसरत नसे.

भारतातही या कड्यांचा प्रवेश लवकर झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक गणकयंत्र बांधण्यात आले. ते १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत, आणि तिच्यासाठी तारांत ओवलेल्या ऐंशी हजारांहून अधिक फेराइट कड्यांची योजना होती. परंतु मुंबईत काय किंवा बॉस्टनमध्ये काय, लोखंडाचे काम आठवण ठेवण्यापुरतेच होते. त्याला कोठारात जागा मिळाली होती. गिरणीचे दार त्याला बंद होते.

यंत्रे जसजशी वेगवान झाली तसतसा या वाटणीचा खर्च दिसू लागला. खेड्यातील बाई पायली दोन पायली दळण घेऊन शेजारच्या गिरणीत जाते, तेव्हा जाण्यायेण्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पण गिरणी क्षणात मणभर दळू लागली आणि कोठार मात्र कोसभर दूर राहिले, तर दळण्यापेक्षा वाहतूकच भारी पडावयाची. १९७७ साली जॉन बॅकस या संगणकतज्ज्ञांनी ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात या अडचणीवर नेमके बोट ठेवले आणि तिला नॉयमान यांच्या नावानेच ओळख करून दिली. कोठार व गिरणी यांना जोडणारा मार्ग म्हणजे बाटलीचा अरुंद गळा असून सारी गणना त्यात अडकून पडते, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या संगणकात दूरच्या स्मृतीतून एक आकडा आणण्यास जी ऊर्जा लागते, ती त्या आकड्याचा गुणाकार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट असू शकते.

याउलट मनुष्याच्या मेंदूकडे पाहावे. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि तो अवघ्या २० वॅटच्या आसपास शक्तीवर चालतो. एवढ्या शक्तीवर लहानसा दिवा कसाबसा जळेल. मेंदूत कोठार निराळे आणि गिरणी निराळी असा भेद आढळत नाही. दोन मज्जापेशींच्या संधिस्थानातून संदेश जातो आणि त्या संधिस्थानाच्या बळकटीतच अनुभवाची आठवण साठलेली असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली असा सिद्धांत मांडला की, एक मज्जापेशी दुसरीला चेतविण्यात वारंवार भाग घेऊ लागली, तर त्या दोघींमधील संबंध दृढ होतो. पायवाटेवरून जितके अधिक लोक जातात तितकी ती रुळते, तसाच हा प्रकार आहे. शिकणे, आठवणे आणि विचार करणे ही तिन्ही कामे येथे एकाच जागी होतात.

नॉयमान यांना हा फरक दिसत नव्हता असे नाही. १९५२ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी बेभरवशाच्या घटकांपासून भरवशाचे यंत्र कसे घडवावे, याचा विचार मांडला होता. कारण निसर्गाने मेंदूत नेमके तेच साधले आहे. १९५६ साली येल विद्यापीठात संगणक आणि मेंदू या विषयावर त्यांची व्याख्याने ठरली. परंतु कर्करोगाने त्यांना अंथरुणाला खिळविले. व्याख्याने झाली नाहीत आणि ८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ते हस्तलिखित १९५८ साली पुस्तकरूपाने निघाले. मेंदू अचूक आकड्यांवर नव्हे, तर संदेशांच्या सांख्यिकीय स्वरूपावर भिस्त ठेवून चालतो आणि त्याची अंतर्गत भाषा आपल्या गणिताहून वेगळी असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्या नावाने ती वाटणी ओळखली जाते, त्यांनीच अखेरच्या दिवसांत तिच्या पलीकडे पाहिले होते.

त्याच १९५८ साली अमेरिकेतील बफेलो येथे फ्रँक रोझेनब्लाट या मानसशास्त्रज्ञाने 'परसेप्ट्रॉन'ची घोषणा केली. त्याच्या आधारे बांधलेल्या यंत्राला ४०० प्रकाशसंवेदी घटकांचा डोळा होता. त्याने शिकलेले ज्ञान विजेचा रोध कमीअधिक करणाऱ्या फिरत्या बटनांत साठत असे आणि ही बटने लहान विद्युत्मोटारी फिरवीत. यंत्र चुकले की बटने थोडी वळत. बरोबर आले की तशीच राहत. आठवण आणि गणना या यंत्रात एकत्र नांदत होत्या. पण वर्तमानपत्रांनी त्याचा भलताच गाजावाजा केला. हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखी यंत्रे निर्माण करील आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही असेल, इथपर्यंत मजल गेली. १९६९ साली मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांनी एकपदरी परसेप्ट्रॉनच्या मर्यादा गणिताने सिद्ध केल्या, तेव्हा उत्साह ओसरला. १९७१ साली रोझेनब्लाट आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी नौकेच्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या मार्गातील एक अडचण मात्र गणिताची नसून साधनांची होती. मेंदूत अब्जावधी संधिस्थाने असतात. तितक्या मोटारी आणि बटने कोण कोठे बसविणार? मुंगीहून लहान, वीज गेली तरी न विसरणारे आणि असंख्य वेळा बदलता येणारे बटन हवे होते.

ते बटन जेथून पुढे आले, ती वाट मेंदूच्या अभ्यासापासून फार दूर होती. १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युअल गौडस्मिट या दोन तरुण शास्त्रज्ञांनी असे सुचविले की, इलेक्ट्रॉनला विद्युत्भाराबरोबर स्वतःचे असे परिवलनही असते. भोवऱ्याची उपमा येथे सोयीची असली तरी ती अक्षरशः घ्यावयाची नाही. ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की, प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक असतो आणि मोजमाप करू गेल्यास त्याची दिशा 'वर' किंवा 'खाली' अशी दोनच प्रकारची आढळते. लोखंडाच्या अंतरंगात असंख्य इलेक्ट्रॉनांची परिवलने एका दिशेने उभी राहतात आणि त्यामुळे लोखंड चुंबक होते. १९३६ साली इंग्लंडमधील नेव्हिल मॉट यांनी दाखविले की, अशा धातूतून जाणारी वीज म्हणजे जणू दोन समांतर प्रवाह होत. 'वर' परिवलनाच्या इलेक्ट्रॉनांचा एक आणि 'खाली' परिवलनाच्या इलेक्ट्रॉनांचा दुसरा. दोघांना होणारा अडथळा सारखा नसतो.

या सिद्धांताचे फळ हाती येण्यास अर्धशतक लागले. १९८८ साली पॅरिसजवळील ऑर्से येथे आल्बेर फेर आणि जर्मनीतील युलिश येथे पेटर ग्रुनबेर्ग यांनी लोह व क्रोमियम यांचे काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचून पाहिले. लोहाच्या थरांची चुंबकत्वे परस्परविरोधी असताना विजेला मोठा अडथळा होई. ती एका दिशेस वळविताच अडथळा झपाट्याने उतरे. अतिशीत तापमानावर फेर यांच्या प्रयोगात तो जवळजवळ निम्म्यावर आला. १९९७ पासून संगणकांच्या चुंबकीय तबकड्या वाचण्यासाठी हा परिणाम वापरात आला आणि २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉनच्या भाराबरोबर त्याच्या परिवलनाचाही उपयोग करणाऱ्या या नव्या विद्येला 'स्पिनट्रॉनिक्स' असे नाव पडले.

यानंतरचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. दोन चुंबकीय थरांमध्ये निरोधक द्रव्याचा अत्यंत पातळ पडदा ठेवला, तर पुंजयामिकीच्या नियमांनुसार काही इलेक्ट्रॉन तो भेदून पार जातात. थरांची दिशा एक असेल तर पुष्कळ जातात, विरुद्ध असेल तर थोडे. फ्रान्समधील मिशेल ज्युलिएर यांनी १९७५ साली हे अतिशीत तापमानात पाहिले होते. १९९५ साली भारतात शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले जगदीश मूडेरा आणि जपानमधील तेरुनोबु मियाझाकी यांनी आपापल्या प्रयोगशाळांत ते साध्या खोलीच्या तापमानात साधले. २००४ साली जपानमधील शिंजी युआसा आणि अमेरिकेतील स्टुअर्ट पार्किन यांच्या गटांनी पडद्यासाठी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून हा परिणाम कितीतरी पटींनी वाढविला. दरम्यान १९९६ साली जॉन स्लॉन्चेव्स्की आणि ल्यूक बर्जर यांनी स्वतंत्रपणे असे भाकीत केले होते की, परिवलनांची दिशा एकसारखी असलेला विद्युत्प्रवाह चुंबकालाच वळवू शकेल. पुढे ते प्रयोगाने खरे ठरले. पूर्वी चुंबक प्रवाहाला अडवीत होता. आता प्रवाह चुंबकाला वळवू लागला. सूक्ष्म चुंबकाची आठवण विजेने वाचता येऊ लागली आणि विजेनेच बदलताही येऊ लागली. रोझेनब्लाट यांच्या मोटारीने फिरणाऱ्या बटनाला अखेर योग्य वारस मिळाला होता.

चुंबक आणि मेंदू यांची तात्त्विक सोयरीक मात्र याआधीच जमली होती. १९८२ साली जॉन हॉपफील्ड या अमेरिकन पदार्थविज्ञाने परस्परांना ओढणाऱ्या वा लोटणाऱ्या परिवलनांच्या समूहाचे गणित घेऊन असे जाळे कल्पिले की, त्याला स्मृतीचा एखादा तुकडा दिला तर ते पूर्ण स्मृतीवर येऊन स्थिरावते. अभंगाचा पहिला चरण ऐकताच पुढचे चरण ओठांवर यावेत, तसे हे आहे. या कार्यासाठी त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दुसरीकडे कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेतील कार्व्हर मीड यांनी मज्जासंस्थेच्या धर्तीवर सिलिकॉनची मंडले घडविण्याची दिशा दाखविली आणि १९९० च्या सुमारास त्या शाखेला नावही दिले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेले धर्मेंद्र मोढा यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने २०१४ साली 'ट्रूनॉर्थ' ही चिप तयार केली. तिच्यात दहा लाख कृत्रिम मज्जापेशी आणि २५.६ कोटी संधिस्थाने होती आणि ती वॅटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी शक्तीवर चालत असे. तिने कोठार गिरणीच्या शेजारी आणून ठेवले. परंतु तिची स्मृती ट्रान्झिस्टरांची असल्यामुळे वीज जाताच पुसली जाई.

या दोन वाटा गेल्या दशकात एकत्र आल्या. २०१७ च्या आरंभी जपानमधील तोहोकु विद्यापीठाच्या गटाने ३६ चुंबकीय साधनांच्या रोधांत शिकवणूक साठवून हॉपफील्ड यांच्या पद्धतीने नऊ चौकटींच्या आकृत्या ओळखून दाखविल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जुली ग्रोलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाहून शंभराहून अधिक पटींनी बारीक अशा एकाच चुंबकीय आंदोलकाकडून उच्चारलेले अंक ओळखवून घेतले. आवाजावर आधी संस्कार करावे लागत होते आणि शेवटचा निर्णय साधा संगणक देत होता, हे खरे. तरी यशाचे प्रमाण ९९.६ टक्क्यांपर्यंत पोचले. २०१९ साली तोहोकु विद्यापीठ आणि भारतीय वंशाचे सुप्रियो दत्त यांचे पर्ड्यू विद्यापीठ यांनी मिळून आठ चंचल चुंबकांकडून ९४५ पर्यंतच्या संख्यांचे अवयव पाडून घेतले. उष्णतेने सतत उलटसुलट होणारा चुंबक स्मृतीसाठी निरुपयोगी. येथे त्याची चंचलताच कामी आली. बेभरवशाच्या घटकांविषयी नॉयमान यांनी केलेल्या चिंतनाला मिळालेले हे एक उशिराचे उत्तर म्हणावे लागेल. २०२२ साली दक्षिण कोरियातील सॅमसंगच्या संशोधकांनी ६४ ओळी आणि ६४ स्तंभांच्या चुंबकीय स्मृतीतच गणित करून हस्तलिखित अंक ९८ टक्के अचूकतेने वर्गीकृत केले. आकडे कोठून कोठे नेण्याची गरज येथे फारशी उरली नव्हती. जेथे ते साठले होते तेथेच त्यांची बेरीज होत होती. लोखंडाला गिरणीचे दार उघडले होते.

असे असले तरी १९५८ सालची चूक पुन्हा करणे योग्य होणार नाही. चुंबकीय संधीचा जास्तीत जास्त रोध कमीत कमी रोधाच्या दोनतीन पटींच्या आसपासच असतो, त्यामुळे मेंदूच्या संधिस्थानातील बारीक छटा तिच्यात उमटविणे कठीण जाते. तिचा मूळ रोधही लहान असल्याने एकाच वेळी पुष्कळ संधी वापरल्या की प्रवाह फार वाढतो. कोरियातील संशोधकांना प्रवाहांऐवजी रोधांची बेरीज करण्याची युक्ती योजावी लागली ती याच कारणाने. आठ, छत्तीस किंवा चार हजार घटक आणि मेंदूतील अब्जावधी संधिस्थाने यांतील अंतर किती मोठे आहे, हे सांगावयास नको. शिवाय मेंदूचे पुरते आकलन अद्याप मेंदूलाच झालेले नाही. त्याची नक्कल करणारे यंत्र त्याच्या एखाददुसऱ्या गुणापुरतीच नक्कल करते.

तथापि या प्रयत्नांमागील निकड खरी आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज संगणकांच्या मोठ्या केंद्रांनी वापरली, आणि शिकणाऱ्या यंत्रांची भूक वाढत आहे. ज्या देशांत वीज अजून जपून वापरावी लागते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. बुद्धीचे यंत्र जर एखाद्या शहराइतकी वीज मागू लागले, तर ते मूठभर श्रीमंतांच्याच घरी नांदेल. तेच जर दिव्याच्या शक्तीवर चालले, तर खेड्यातील शाळेत आणि दवाखान्यातही पोचेल.

कोठार आणि गिरणी यांची वाटणी हा निसर्गाचा नियम नव्हता. महाग नलिकांच्या काळात केलेली ती एक सोय होती आणि सोयीचे पुढे रूढीत रूपांतर झाले. रूढी मोडावयाची तर नुसती इच्छा पुरत नाही, नवे साधन लागते. ते साधन अत्याधुनिक द्रव्यांतून घडले असले तरी त्याच्या मुळाशी असलेला गुण फार जुना आहे. चुंबक दूर गेला तरी त्याचा संस्कार जपणाऱ्या पोलादी सुईचाच तो गुण आहे.